इम्प्लांटची तारीख देण्याआधी जोडीदाराला समोर बसवावंच का?

ओटी_सिस्टर, कोल्हापूर
मी यूरॉलॉजीच्या (मूत्ररोग विभागाच्या) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात काम करते. पेनाइल इम्प्लांट, म्हणजे ताठरता येत नसलेल्या माणसाच्या लिंगात कृत्रिम नळ्या किंवा रॉड बसवणं, आपल्याकडं रोजचं काम नाही, पण होतं. पेशंट बहुतेक जुन्या शुगरचे, काही प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचे. गोळ्या लागू पडत नाहीत, इंजेक्शन टोचून घ्यायची तयारी नाही, मग हा मार्ग.
माझं मत: जोडीदार एकदा तरी सोबत आल्याशिवाय तारीख देऊ नये. ऑपरेशन उत्तम होऊनही तोंड पाडून येणारे मी बघते. घरात समजूत असते की सगळं विशीतल्यासारखं होणार. इम्प्लांटनं ताठरता येते, लांबी वाढत नाही. कित्येकांना ती आधीपेक्षा कमीच वाटते. इच्छा वाढत नाही, संवेदना होती तेवढीच राहते. आणि परतीची वाट नाही: नळ्या बसवताना आतला नैसर्गिक भाग जातो, पुढं इम्प्लांट काढलं तरी गोळीचा उपयोग होत नाही. हे ओपीडीच्या पाच मिनिटांत, बाहेर पुढचा नंबर पुकारत असताना, एकट्या घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात शिरतं का?

गंगावेसकर
सिस्टर, शरीर त्याचं, संमती त्याची. बायको कशाला मध्ये? आमच्या भागातला माणूस ‘शुगर दाखवून येतो’ एवढंच सांगून घराबाहेर पडतो. तुम्ही अट घातली की तो एसटी स्टँडच्या मुतारीवरचा ‘शर्तिया इलाज’चा नंबर फिरवणार. विधुरांनी काय करायचं? ज्याचं घरात पटत नाही त्यानं?

ओटी_सिस्टर
सही मागा असं म्हटलंय का मी? बोलणं व्हावं एवढंच. तीन भागांच्या इम्प्लांटमध्ये नळ्या लिंगात, पाण्याची पिशवी पोटाच्या खालच्या भागात आणि पंप अंडकोशाच्या पिशवीत असतो. पंप दाबला की नळ्या भरतात, बटण दाबलं की सैल पडतात. डेमोचा पंप हातात दिला तर एका काकांना ते बटणच सापडेना, संधिवातानं बोटं आखडलेली. काकूंनी दुसऱ्या दाबात शोधलं. काकू आल्या नसत्या तर काय झालं असतं सांगा.

मिरजेचा_फिजिशियन
दोघांचंही भांडण दुय्यम आहे. या ऑपरेशनचा खरा शत्रू इन्फेक्शन. अँटिबायोटिकचा थर दिलेली इम्प्लांट २००१ पासून वापरात आहेत, त्यामुळं पहिल्या ऑपरेशनात प्रमाण साधारण १ ते ३ टक्क्यांवर आलं. पण झालं, तर बहुधा सगळं सामान बाहेर काढावं लागतं. दुसऱ्यांदा बसवताना आत व्रण पडलेले, काम अवघड आणि इन्फेक्शनचा धोकाही जास्त. तेव्हा आधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) बघा. तंबाखू बंद. लघवीत जंतू असतील तर आधी उपचार. केस ओटीतच काढायचे, आदल्या रात्री वॉर्डात नाही. कातडीला अल्कोहोल-क्लोरहेक्सिडीनचं जंतुनाशक. इम्प्लांटला हात लावण्याआधी हातमोजे बदला. यात बायकोचा संबंध कुठं येतो?

राजारामपुरी_३री_गल्ली
डॉक्टर, शुगरचा आकडा किती धरायचा? १९९८ च्या एका अभ्यासात एचबीए१सी आणि इन्फेक्शनचा संबंध सापडला नव्हता. २०१८ च्या मोठ्या अभ्यासात ८.५ च्या वर धोका चढताना दिसला. मग रेषा आखून माणसाला किती काळ ताटकळत ठेवायचं? काहींची शुगर कधीच साडेसातवर येणार नाही.

मिरजेचा_फिजिशियन
साडेसात मी म्हटलंच नाही. दहा असेल तर थांबवीन, आठ असेल तर अडवणार नाही. आणि शुगर रोज सांभाळणार कोण, ज्याच्या घरचे त्याच्या ताटात काय वाढायचं ते ठरवतात तोच ना? (हो, इथं सिस्टरचा मुद्दा मागच्या दारानं आत आला खरा.)

गंगावेसकर
ताटासाठी बायको चालेल, पलंगासाठी तिला डॉक्टरसमोर बोलायला लावू नका. लई अवघड असतं ते. माणसाला विचारा, तो म्हणेल तर बोलवा. अट नको.

कागलचा_एकजण
मी स्वतः करून घेतलंय, म्हणून लिहितो. परदेशी पंपवाला परवडला नाही, भारतीय बनावटीचा वाकवता येणारा रॉड घेतला. वाकवून ठेवला तरी पँटीतून जाणवतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बायको आली असती तर तिनं विचारलं असतं, ती दुकानदाराला साडीचा पोतसुद्धा दहा वेळा विचारते.
पुण्याला जा असं सगळे म्हणत होते. वर्षाला भरपूर केसेस करणाऱ्या सर्जनचा हात बसलेला असतो, हे मान्य. पण टाके ओले असताना ताप आला तर हायवेची कामं चुकवत पुण्याला कोण नेणार? ऑपरेशन तिकडं केलं तरी जखम बघणारा इथला माणूस आधीच ठरवून ठेवा.
दुसरं, माझ्या ओळखीच्या एकाला पंपवाला बसवला. साधारण सहा आठवड्यांनी तो चालवायला शिकवायचं ठरलं होतं. शिकवायला कंपनीचा पोरगा आला, डॉक्टर खोलीत नव्हतेच. अट घालायचीच असेल तर आधी ही घाला.