झरणी आणि तबकडी: ही खरी आवड की वेगळे दिसण्याची हौस?

प्रश्न
वर्षभरापासून मी पत्रे झरणीने, म्हणजे शाईच्या पेनाने, लिहितो आणि आठवड्यातून एका संध्याकाळी गाण्यांची तबकडी (रेकॉर्ड) लावून, दुसरे काहीही न करता, ऐकत बसतो. मनात मात्र एक शंका घर करून आहे: जो काळ मी पाहिलाच नाही, त्याच्या वस्तूंवरचे हे प्रेम खरे, की वेगळे दिसण्याची हौस? हे कसे ओळखावे?

प्रतिसाद १
पेनापुरते सांगतो. बॉलपेनची शाई दाट असल्याने हाताला दाब द्यावा लागतो. झरणीत पातळ शाई केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या गुणाने, निबच्या चिरेतून खाली येते आणि टोक कागदाला नुसते टेकले तरी रेघ उमटते, त्यामुळे पानभर लिहूनही बोटे आखडत नाहीत. शाई ओली असेपर्यंत थांबावे लागते आणि लिहिलेले सहज पुसता येत नाही, म्हणून वाक्य आधी मनात जुळवावे लागते. पत्रातली अदब, माझ्या मते, तिथूनच येते. माझ्या पेनाचे टोक पंधरा वर्षांत माझ्याच हाताच्या कलाने झिजले आहे. दुसऱ्याच्या हातात ते खरखरते. नुसत्या मिरवण्यासाठी कोणी इतकी वर्षे पेन धूत-पुसत नाही.

प्रतिसाद २
तबकडीचा आवाज सरस असतो, हे मला पटत नाही. सुई मध्याकडे सरकू लागली की तिच्याखालून दर फेरीला खोबणीची लांबी कमी जाते आणि बारीक स्वर धूसर होतात. तरीही मी तीच लावतो. १९४८ साली मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आली. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची बाजू तीनेक मिनिटांत संपत असे. लाँग प्लेची बाजू साधारण वीस मिनिटे चालते, मग उठून ती उलटावी लागते. त्या वीस मिनिटांत गाणे बदलण्याचा मोह होत नाही, आणि मला हवे असते ते एवढेच. आपण एकटे असतानाही तबकडी लावता का?

प्रश्नकर्ता
हो, बहुतेक वेळा एकटाच असतो, आणि ती संध्याकाळ चुकली तर हुरहुर लागते. उत्तर मिळाले, आभारी आहे. एकच विचारतो: महिनाभर पडून राहिल्याने पेन उमटेनासे झाले आहे, काय करावे?

प्रतिसाद १
निब साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, गरम पाणी वापरू नका. सकाळी पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच शाई भरा.