वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो. मग घरी वेगळा करायचा का? आणि नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या, खवल्यांचं काय करायचं?

माडाखालची_फोंडा:

नमस्कार मंडळी. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. इमारतीत चौदा फ्लॅट आहेत, आमचा तळमजल्यावर. गेली तीन वर्षं मी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवते. दुधाच्या पिशव्या धुऊन ग्रीलला चिमट्याने लावते. सध्या पावसात त्या दोन-दोन दिवस ओल्याच राहतात, तरी लावते.

परवा गाडी आली तेव्हा मी मुद्दाम खाली उभी राहिले. माझी सुक्याची पिशवी आणि वरच्या मजल्यावरची गळकी काळी पिशवी, दोन्ही एकाच ढिगात पडल्या. विचारलं तर गाडीवरचा मुलगा म्हणाला, ‘बाय, गाडयेक एकूच खण आसा.’ त्या मुलाला मी काय बोलणार? भर पावसात उघड्या हातांनी तो आमचं खरकटं उचलतो. पण घरात आल्यावर ग्रीलवरच्या पिशव्या बघून रडू आलं. सासूबाई म्हणतात, मे महिन्यात टँकरची वाट बघायची आणि कचरा धुवायला पाणी घालवायचं, हे कुठलं शहाणपण?

दुसरी अडचण नुस्त्याची. आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस नुस्तं असतं. बांगड्यांची डोकी, आतडी, सुंगटांची (कोळंबीची) सालं, तिसऱ्यांच्या शिंपल्या. भाजीच्या सालांबरोबर खताच्या डब्यात घातलं तर अळ्या झाल्या आणि शेजारी बोलले. त्यांचंही खरंच होतं, जिन्यापर्यंत वास येत होता. इमारतीमागे थोडी मोकळी जागा आहे, एक माड आणि दोन पोफळी. तिथे काही करता येईल का?

सांतिनेज_वरून:

थोडं वेगळं मत मांडतो. आपण कर भरतो, गाडी ठेवणं त्यांचं काम. साळगावचा सरकारी कचरा प्रकल्प २०१६ पासून चालू आहे, रोज १०० टनांची क्षमता २५० टनांपर्यंत वाढवली, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि वीज करतात. कचरा वेगळा करायला तिथे यंत्रं आहेत. घरातल्या बाईने पिशव्या धूत बसावं असं मला वाटत नाही.

शेडवरची:

ताई, मी पाच वर्षं एका पंचायतीच्या शेडमध्ये सुका कचरा निवडण्याचं काम केलं आहे. तुमची पिशवी वाया जात नाही, हे आधी सांगते.

टेबलावर गोणी ओतली की वास आणि वजनावरूनच कळतं, हा माल धुतलेला आहे की नाही. पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, शांपूच्या जाड बाटल्या, पत्र्याचे डबे, बियरचे कॅन यांना भंगारवाला पैसे देतो. दुधाच्या पिशवीलाही देतो, पण स्वच्छ असली तरच. आमटी सांडलेला पुठ्ठा कोणी घेत नाही. एक गळकी पिशवी वरच्या दहा घरांचा कागद नासवते. वरचे दादा यंत्रांचं म्हणतात ते खरं आहे, यंत्र प्लास्टिक आणि पत्रा बाजूला काढतं. पण एकदा आमटी प्यायलेला कागद कुठलंही यंत्र कोरडा करून देत नाही.

चिप्सची पाकिटं, बिस्किटांची चकचकीत वेष्टनं यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून त्यांचं पुन्हा प्लास्टिक होत नाही. त्यांचे गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांच्या भट्टीत जाळायला जातात. तेही कोरडेच हवेत. ओला गठ्ठा जळताना आधी आपलंच पाणी आटवण्यात उष्णता खातो.

आता उपाय. सुकं रोज देऊ नका. पंधरा दिवस घरात साठवा, गोणीत भरा आणि तोंड सुतळीने घट्ट बांधा. सुट्टा माल ढिगात गेला की संपला, पण बांधलेली गोणी ढिगात पडली तरी आम्ही ती अख्खी ओढून काढतो. जमलं तर शेडवर स्वतः नेऊन द्या. पाणी वेगळं लागत नाही, तांदूळ धुतलेल्या पाण्यात पिशवी विसळली तरी पुरे. आणि पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, फक्त चिरा द्या. नखाएवढा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, तो पहिल्या पावसात व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जातो.

एक विनंती. ब्लेड, सुया, फुटलेली काच कागदात गुंडाळून वर लाल खूण करा. सॅनिटरी पॅड आणि मुलांचे डायपरही तसेच. माझ्या उजव्या अंगठ्याला तीन टाके पडले होते. त्या घरच्या माणसाला ते कधी कळलंही नसेल.

कुळागरकार:

नुस्त्याचं मी सांगतो. डब्यात घालूच नका. खताच्या डब्याला वाळका पाला जास्त आणि ओलं कमी लागतं, आणि नुस्तं तर नुसतं ओलं. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ते माडाला जातं.

माडाच्या बुंध्यापासून चार हातांवर गुडघाभर खोल खड्डा घ्या. तळाला वाळका पाला, त्यावर खवले-आतडी, मूठभर राख, पुन्हा पाला आणि वर वीतभर माती. वर एक चिऱ्याचा दगड ठेवा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. पुढच्या वेळी शेजारी दुसरा खड्डा, असं माडाभोवती फिरत जायचं. अगदी बुंध्यापाशी खणू नका, मुळं तुटतात.

आता पाऊस आहे. खड्ड्यात पाणी भरतं आणि मग खरी घाण येते. म्हणून चतुर्थीपर्यंत खड्डा उंचवट्यावर घ्या. उंचवटा नसेल तर तळाला भोकं पाडलेलं जुनं पिंप मातीत अर्धं पुरा, झाकण घट्ट हवं.

तिसऱ्यांच्या शिंपल्या वेगळ्या ठेवा. त्या कुजत नाहीत, पण उन्हात वाळवून कुटल्या तर आपल्या आंबट लाल मातीला चुना मिळतो. पूर्वी शिंपल्या भाजूनच इथे घरांना चुना करत. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालंही, गाडीला देऊ नका. आळ्यात आतली बाजू वर करून पुरा, वाटीसारखं पाणी धरून ठेवतात.

सांतिनेज_वरून:

शेडवरच्या ताईंचं वाचलं. अंगठ्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्या पणजीत कचरा सोळा प्रकारांत वेगळा होतो, हे मी अभिमानाने सांगत असतो. पण तो हातांनी होतो, हा विचार केला नव्हता. माझं ‘त्यांचं काम’ हे वाक्य मागे घेतो.

माडाखालची_फोंडा:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. पहिलं पिंप पुरलं. पहिल्या चार दिवसांत वास आला, कारण मी राख घालायला विसरले होते. आता येत नाही. चौदापैकी सहा घरं सामील झाली. वरच्या मजल्यावरची गळकी पिशवीवाली काकी सर्वांत आधी आली; तिला खाली वाकून खणता येत नाही, म्हणून ती पाला गोळा करून देते. ओलं आता या सहा घरांतून बाहेर जातच नाही, त्यामुळे गाडीत एक खण असो की चार, मिसळायला आमच्याकडून काही जात नाही. सुक्याच्या दोन गोण्या बांधून रिक्षाने शेडवर पोचवल्या. तिथल्या बाईने गोणी उघडली, आत हात घातला आणि म्हणाली, ‘सुकें आसा.’ मला तेवढं पुरलं.

मे २०१९ मध्ये मडगावच्या सोनसोडो कचरा डेपोचा ढीग पेटला, तेव्हा माझी बहीण तिथेच मडगावात होती. खिडक्या बंद करून बसायची ती. त्या ढिगात आमच्यासारख्यांच्याच घरचं होतं.

आता चतुर्थी जवळ आली. सजावटीचं थर्माकोल यंदा आणायचं नाही, हे सहाही घरांत ठरलं. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या चौकटीची, फळं-पानं पिंपात जातील. पण गेली काही वर्षं आम्ही माटोळी प्लास्टिकच्या सुतळीने बांधतो आणि नंतर ती पानांतून सोडवता सोडवत नाही. माझे वडील केवणीचे, म्हणजे त्या रानझाडाच्या सालीचे, दोर वापरायचे. यंदा फोंड्याच्या बाजारात ते कोणी पाहिले का? पाहिले असतील तर कुठल्या बाजूला बसतात ते कृपया सांगा. चौदा घरांपुरते एकदमच घेईन.