४ च्या कळीवर ₹ छापलंय, पण उमटत नाही – मदत हवी आहे

सोसायटीची देखभाल-शुल्काची बिलं एक्सेलमध्ये आणि सूचना वर्डमध्ये करायच्या असतात. विंडोज १० आहे, मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड. लॅपटॉपच्या ४ च्या कळीवर कोपऱ्यात ₹ छापलेलं आहे, पण आल्ट धरून ४ दाबलं तर काहीच होत नाही. वेगळा मोठा कीबोर्ड जोडून आल्ट + ८३७७ केलं तर वर्डमध्ये ₹ येतं आणि नोटपॅडमध्ये ╣ असं काहीतरी. इकडून तिकडून पेस्ट केलेले ‘₹ १५००’सारखे आकडे एक्सेल बेरजेत धरत नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल) करून लेखापालांना पाठवली की ₹ च्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. £ आणि € मात्र नीट जातात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

कळीवर काय छापलंय याच्याशी विंडोजला देणंघेणं नसतं. कोणता कीबोर्ड लेआउट (कोणत्या कळीने काय उमटेल याची मांडणी) निवडलाय, त्यावर सगळं ठरतं. तुमच्याकडे बहुधा ‘यूएस’ लेआउट चालू असणार आणि त्यात ₹ नाहीच. विंडोजची कळ + स्पेसबार दाबा, यादी दिसेल. तिथे ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड हवा. इथे एक गफलत हमखास होते : भाषा ‘इंग्लिश (इंडिया)’ असते, पण तिच्याखाली कीबोर्ड ‘यूएस’ असतो. भाषेच्या नावाखालची ओळ वाचा.

नसेल तर सेटिंग्ज → टाइम अँड लँग्वेज → लँग्वेज → इंग्लिश (इंडिया) → ऑप्शन्स → ॲड अ कीबोर्ड. विंडोज ११ मध्ये हेच ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये, भाषेसमोरच्या तीन टिंबांखाली आहे. इंग्लिश (इंडिया) जोडल्यावर यूएस काढून टाका, नाहीतर नकळत लेआउट बदलतो आणि तीच तक्रार परत उभी राहते.

आता उजवा आल्ट + ४. डाव्या आल्टने होणार नाही. काही लहान लॅपटॉपांना उजवा आल्ट नसतो, तिथे कंट्रोल + आल्ट + ४.

प्रतिसाद २

╣ कुठून आला ते सांगतो, म्हणजे पुढचं कोडंही सुटेल. युनिकोड म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी, तिच्यात ₹ चा क्रमांक ८३७७. वर्ड तो पूर्ण वाचतं. जुना नोटपॅड २५६ ने भागून उरलेली बाकी घेतो. २५६ × ३२ = ८१९२, बाकी १८५, आणि विंडोजच्या आधीच्या डॉसच्या अक्षर-तक्त्यात १८५ व्या जागी ╣ आहे. आधी शून्य लावून ०८३७७ केलंत तर विंडोजचा तक्ता वापरला जाईल आणि ¹ मिळेल. त्यामुळे आल्ट-क्रमांकाची सवय ₹ साठी लावून घेऊ नका.

सीएसव्हीतल्या प्रश्नचिन्हाचं मूळही विंडोजच्या तक्त्यात आहे. विंडोजच्या त्या २५६ जागांच्या तक्त्यात € ला १२८ वी आणि £ ला १६३ वी जागा आहे. ₹ सरकारने स्वीकारलं १५ जुलै २०१० ला आणि युनिकोडमध्ये ते आलं त्याच वर्षी ऑक्टोबरात. तोवर तक्ता कधीच ठरून गेला होता. साधी सीएसव्ही त्या तक्त्यातच साठवली जाते, मग ज्याला जागा नाही त्याचं प्रश्नचिन्ह होतं. ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, त्यात युनिकोडची सगळी अक्षरं साठवता येतात. उघडणाऱ्याने ती जुन्या पद्धतीने वाचली तर टोपीवाला ए, खाली स्वल्पविरामासारखं चिन्ह आणि ¹ अशी तीन चिन्हं दिसतील. ती दिसली तर फाइल चांगली आहे, वाचणाऱ्याचं एन्कोडिंग (अक्षरं वाचायची पद्धत) चुकलंय असं समजा.

वर्डमध्ये आणखी एक वाट : २०बी९ (इंग्रजी आकडे आणि अक्षर) टाइप करून लगेच आल्ट + एक्स. मागे दुसरा आकडा चिकटलेला असेल तर वर्ड तोही कोडचाच भाग समजतं, म्हणून आधी चारच अक्षरं सिलेक्ट करा. एक्सेलमध्ये ही युक्ती चालत नाही.

प्रतिसाद ३

एक्सेलमध्ये ₹ टाइप करायचंच नाही! चिन्ह हा आकड्याचा पोशाख आहे, तो फॉरमॅटमधून चढवायचा. आकडे निवडा, कंट्रोल + १, करन्सी, चिन्हांच्या यादीतून ₹ इंग्लिश (इंडिया). सेलमध्ये नुसता १५०० राहतो आणि बेरीज होते.

पेस्ट केलेले आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसत असतील तर एक्सेल त्यांना मजकूर समजतंय. कंट्रोल + एच, ‘फाइंड’मध्ये ₹, ‘रिप्लेस’ रिकामं, रिप्लेस ऑल. आकडे उजवीकडे सरकले की काम झालं. तरीही अडून बसले तर बहुधा चिन्हानंतर न तुटणारी स्पेस (दिसायला साधी, पण एक्सेलच्या लेखी वेगळं चिन्ह) आलेली असते. वेबपानावरून कॉपी केलं की ती बऱ्याचदा येते. एका सेलमधून ती स्पेसच कॉपी करून ‘फाइंड’मध्ये टाका आणि तीही उडवा.

लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर कंट्रोल पॅनेल → रीजन → ॲडिशनल सेटिंग्ज → डिजिट ग्रुपिंग, तिथे १२,३४,५६,७८९ निवडा. सीएसव्ही करण्याआधी मात्र फॉरमॅट ‘जनरल’ करा. सीएसव्हीत सेलमध्ये *दिसतं* ते जातं, ₹ आणि स्वल्पविरामांसकट. लेखापालांना नुसते आकडेच हवे असतात.

धागाकर्ता

उजवा आल्ट चालला, बेरीजही आली. मनापासून आभार! दोन शंका. एका सभासदाच्या जुन्या संगणकावर ₹ च्या जागी चौकोन दिसतो. आणि एक सभासद ब्रिटनमध्ये घेतलेला लॅपटॉप वापरतात, त्यांच्याकडे उजवा आल्ट + ४ दाबल्यावर € येतं.

प्रतिसाद १

ब्रिटिश लेआउटमध्ये त्या जागी € च आहे. त्यांनीही इंग्लिश (इंडिया) जोडावा, पण मग @ आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांची अदलाबदल होईल आणि शिफ्ट + ३ ला £ ऐवजी # येईल. पासवर्ड टाकताना लक्षात ठेवायला सांगा. क्वचितच लागत असेल तर लेआउट बदलूच नका : विंडोजची कळ + पूर्णविराम, त्यातल्या चिन्हांमध्ये चलनं आहेत.

चौकोन म्हणजे फाँटमध्ये ते चिन्ह नाही. पीडीएफ करून पाठवा, फाँट सोबत जातो. २०१० च्या सुमाराचे काही फाँट टिल्डच्या (~) कळीवरच्या उलट्या अवतरणचिन्हाला (`) ₹ चं रूप देत. तशा जुन्या फाइली असतील तर त्यातलं चिन्ह बदलून खरं ₹ घाला, नाहीतर फाँट बदलला की नुसतं ` उरतं.

प्रतिसाद ४

सभासदांना थकबाकीचे एसएमएस इंग्रजीत जात असतील तर त्यात ₹ घालू नका. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात ते नाही. एक ₹ आलं की सगळा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते, म्हणजे एकाचे दोन किंवा तीन संदेश आणि तितकं बिल. इंग्रजीत ‘आरएस’ची दोन अक्षरं पुरतात. मराठी संदेश तसाही ७० चाच असतो, तिथे ₹ बिनधास्त वापरा.