ब्रिटिशांचे स्वस्तातले ‘लफडेपट’: भित्रे की बेरकी?

पडदानशीन (धागाकर्ता)
विवाहबाह्य भानगडींवरचे कमी पैशांतले ब्रिटिश विनोदी सिनेमे ओळीने पाहिले आणि मत ठाम झालं: हे सिनेमे भित्रे आहेत. भानगड पोस्टरवर, पडद्यावर नुसती पळापळ. ‘नॉट नाऊ, डार्लिंग’ (१९७३) घ्या. फरच्या कोटांचं दुकान. मालकाला एका बाईला मिंक (महागड्या फरचा) कोट द्यायचाय, पण तिच्या नवऱ्याला संशय यायला नको. म्हणून तो कोट त्या नवऱ्यालाच मातीमोल भावात विकायचा बेत. नवरा कोट घेतो, आणि तो स्वतःच्या मैत्रिणीला द्यायचं ठरवतो! काय झकास सुरुवात आहे. पुढे मात्र बायका कपाटात कोंबण्यापलीकडे काही नाही.

इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा नवा कायदा १ जानेवारी १९७१ला लागू झाला. दोघांची संमती असेल तर दोन वर्षं वेगळं राहून सुटता येऊ लागलं. बाहेर एवढं बदललं तरी पडद्यावरचा नवरा बायकोची चाहूल लागली की तसाच पलंगाखाली. आणि बायको म्हणजे फक्त दारावरची घंटा.

तिसरीघंटा
साफ असहमत. फार्समध्ये भानगड महत्त्वाची नसतेच, थाप महत्त्वाची असते. ब्रिटिश नाटककार रे कूनीचं ‘रन फॉर युअर वाइफ’ बघा. टॅक्सीवाला जॉन स्मिथ, एक बायको लंडनच्या विंबल्डनला, दुसरी तिथल्याच स्ट्रेटमला. दोन्ही लग्नं पडदा उघडण्याआधीच उरकलेली. सगळा डोलारा टॅक्सीच्या पाळ्यांवर उभा. एकदा डोक्याला मार बसतो, दोन पत्ते नोंदले जातात, दोन पोलीस ठाणी कामाला लागतात, बोंबला. नैतिक निकाल द्यायला कुणी तिकीट काढत नाही हो. बबन प्रभूंचं ‘झोपी गेलेला जागा झाला’ बघायला लोक काय प्रबोधनासाठी जायचे? कूनीचं नाटक १९८३पासून १९९१पर्यंत लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या नाट्यगृहांत चाललं.

पडदानशीन
नाटक चाललं, मान्य. धागा सिनेमाचा आहे. याच नाटकाचा सिनेमा २०१३मध्ये लागला. खर्च सुमारे ९ लाख पौंड, पहिल्या शनिवार-रविवारचा गल्ला ६०२ पौंड. लाख-बिख काही नाही, नुसते ६०२. ज्युडी डेंचसकट ढीगभर पाहुणे कलाकार होते. ते सगळे सहकुटुंब आले असते तरी यापेक्षा जास्त जमले असते.

तिसरीघंटा
😂 हे मात्र खरं. पण दोष भित्रेपणाचा नाही, कॅमेऱ्याचा. नाटकात दोन्ही घरं एकाच नेपथ्यात एकमेकांत मिसळलेली असतात. एक बायको फोनवर बोलतेय, दुसरी तिच्या अगदी शेजारून जाते, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. प्रेक्षकाला दोघी एकदम दिसतात, हसू तिथे आहे. सिनेमात एकदा हे घर, मग कट, मग ते घर. संपलं. त्यात समलिंगी असल्याच्या गैरसमजावरचे विनोद जवळपास जसेच्या तसे उचललेले. तीस वर्षांत ते नासले होते. ‘नॉट नाऊ’वाल्यांनी एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून पाहिले. पैसे वाचले असतील, दम काही आला नाही.

मॅटिनी_मावशी
दोघंही एकाच गल्लीत भांडताय. ‘कन्फेशन्स ऑफ अ विंडो क्लीनर’ (१९७४) विसरलात? तिथे भानगड खरोखर होते, आणि पुढाकार कंटाळलेल्या गृहिणींचा. साबणाच्या फेसाने भरलेलं ते स्वयंपाकघर आठवा. भित्रा म्हणाल त्याला? वाईट म्हणा, माझी ना नाही. त्या बाया एका प्रसंगापुरत्या येतात आणि जातात, घरी त्यांचं काय होतं याची कॅमेऱ्याला पर्वा नाही.

रोकडा
कारण पैसा, दुसरं काही नाही. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकन स्टुडिओंनी हात आखडता घेतला. उरली ‘ईडी लेव्ही’: तिकिटांवरचा एक कर. तो जमा करून ब्रिटिश सिनेमांना वाटायचे, आणि ज्याचा गल्ला मोठा त्याचा वाटा मोठा. १९८५मध्ये ती बंद झाली. असल्या हिशेबात बायकोच्या मनाचा ठाव घ्यायला कोण बसतंय?

मॅटिनी_मावशी
@रोकडा, पटत नाही. ‘ओन्ली टू कॅन प्ले’ (१९६२) कृष्णधवल, साधा, वेल्समधल्या एका गावातला. नामवंत विनोदी नट पीटर सेलर्स इथे ग्रंथालयातला कारकून, पेपरात नाट्यपरीक्षणंही लिहितो. नगरसेवकाच्या बायकोबरोबर जायचं म्हणून नाटक अर्धवट सोडतो आणि परीक्षण ठोकून देतो. त्याच रात्री थिएटर जळून खाक! त्याच्या स्वतःच्या बायकोला सगळं कळतं, आणि ती रडत नाही की लाटणं उगारत नाही. तिच्याही मागे एक जुना ओळखीचा कवी लागलेला आहेच. नवरा मोटारीत प्रेम करायला जातो तर गाई येऊन उभ्या राहतात. लाजिरवाणं होतं ते त्याचं, तिचं नव्हे. बायकोला माणूस करायला जास्तीचे पैसे लागत नाहीत, एवढंच मला म्हणायचंय.

पडदानशीन
मावशी, तो किंग्जली एमिसच्या कादंबरीवरचा, वर सेलर्स. स्वस्तातल्या फार्सच्या पंगतीत त्याला बसवणं म्हणजे ओढूनताणून झालं. शिवाय असा एकच.

मॅटिनी_मावशी
सेलर्सलाही तो पडेल असंच वाटलं होतं. नफ्यातला आपला हिस्सा विकून मोकळा झाला, आणि मग सिनेमा धो धो चालला.