गोल-फुगीर देवनागरी फॉन्ट : बारशाच्या फ्लेक्सपुरताच, की दुकानाच्या बोर्डालाही?

शाईदौत (लातूर)
क्लासचा बोर्ड असो, केक शॉप असो की बारशाचं फ्लेक्स, आपल्याकडं सगळीकडं 'मोदक' नाहीतर 'बालू'. दोन्ही फॉन्ट 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, फुकट, धंद्यालाही चालतात. म्हणून काय कुठंही लावायचे? मोदकमध्ये अक्षराच्या पोटातली जागा म्हणजे नुसती फट. 'ब' आणि 'व', 'ष' आणि 'प' लांबून सारखेच दिसतात. एक-दोन शब्दांपुढं तो नेऊच नये. पत्ता आणि मोबाइल नंबर 'मुक्ता' या साध्या फॉन्टात घ्या. परवा तर एका चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली' मोदकमध्ये!

फ्लेक्स_परभणी
श्रद्धांजलीचं मान्य, बाकी नाही. दोष फॉन्टचा नाही, मापाचा आहे. 10 फुटांवरून वाचायला 1 इंच उंची, हा धंद्यातला ढोबळ हिशोब. रस्त्यापलीकडून, म्हणजे 60 फुटांवरून वाचायचं तर 6 इंच, तेही नुसतं अक्षर; वेलांटी-उकाराची जागा वेगळी. गिऱ्हाईक 3 फुटी फ्लेक्सवर सात ओळी बसवायला लावतं. मग ओळी दाबल्या जातात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. तिथं कुठलाही फॉन्ट मरतो.

रेडियमकटिंग
फ्लेक्सवर खपेल दादा, रेडियमला नाही. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. मजकूर कर्व्ह (म्हणजे अक्षरांचं चित्र) करून वेल्ड केला नाही, म्हणजे सगळे आकार जोडून एक केले नाहीत, तर ब्लेड त्या जोडावरूनही फिरतं आणि शब्दाचे तुकडे होतात. आऊटलाइन दिली तरी तेच, शिरोरेषेत उभ्या भेगा दिसतात. वेल्ड केल्यावरही इंचभर उंचीच्या मोदकमधली फट सोलताना अख्खं अक्षर उचकटून येतं. त्यापेक्षा 'बालू 2', म्हणजे बालूची पुढची आवृत्ती, घ्या. त्यात रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड पाच जाड्या आहेत. सेमीबोल्डच्या वर जाऊ नका.

पाटीपेन्सिल
अंगणवाडीच्या भिंतीवर शाळेचं नाव या फॉन्टात खुशाल लिहा, मुळाक्षरं नकोत. लेकराला अक्षर कुठून सुरू होतं, कुठं वळतं ते दिसायला हवं. फुगीर अक्षरात ती वाटच बुजते. शिवाय 'ल' आणि 'श' बघा. कित्येक फॉन्टांत ते आधी हिंदी वळणाचे येतात, मराठी वर्णमालेच्या 2009 च्या शासन निर्णयातले नाहीत. सोय असलेल्या फॉन्टात मजकुराची भाषा मराठी निवडली की बदलतात.

खोकेवाला_बीड
सगळे मोदकच्या मागं लागलेत. सीताफळाच्या खोक्याचं बघा. तपकिरी पुठ्ठा शाई पितो, खडबडीत असतो. बारीक-जाड रेषेच्या फॉन्टातली बारीक रेष तिथं तुटते. एकसारख्या जाडीचा गोल फॉन्टच टिकतो. शाई पसरणार हे धरून जाडी एक पायरी कमी ठेवायची, एवढंच. दुकानाच्या बोर्डाचंही तसंच.

शाईदौत (लातूर)
खोक्यावर 'सीताफळ' एकच शब्द असतो, खोकेवाले. क्लासच्या बोर्डावर आठ विषय आणि सरांची डिग्री असते.

रेडियमकटिंग
जाता जाता : जुन्या कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) युनिकोड मजकूर टाकला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. फॉन्टला शिव्या देण्याआधी इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा, 'ऑब्जेक्ट टू पाथ', अनग्रुप, 'युनियन', आणि पीडीएफ करून कोरलमध्ये न्या. वेल्डही तिथंच उरकतं.