एकाच कन्सोलपुरता गेम काढणे आता कोणाला परवडते?

धागाकर्ता
‘फायनल फँटसी’ काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्स या जपानी गेम कंपनीने मे २०२४ मध्ये आपला तीन वर्षांचा आराखडा मांडताना, यापुढे मोठे गेम सर्व प्रमुख कन्सोलांवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर) आणि पीसीवर आणण्यावर भर देऊ, असे जाहीर केले. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि खरे तर उशिरा घेतलेला वाटतो. याच घराण्याने १९९७ मध्ये ‘फायनल फँटसी ७’ निन्टेंडोऐवजी सोनीच्या प्लेस्टेशनवर नेला, त्याला ठोस कारण होते. तीन सीडी व्यापणारा तो गेम निन्टेंडोच्या कार्ट्रिजमध्ये (गेम साठवलेल्या डबीत) मावणे शक्यच नव्हते. जून २०२३ मध्ये ‘फायनल फँटसी १६’ केवळ पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर आला आणि पीसीवाल्यांना सप्टेंबर २०२४ पर्यंत थांबावे लागले, त्यामागे इतके सबळ कारण मला दिसत नाही.

हिशेब साधा आहे. सत्तर डॉलरच्या प्रतीतून ऑनलाइन दुकानाचा तीस टक्के वाटा वजा केला, तर एकोणपन्नास डॉलर उरतात. म्हणजे वीस कोटी डॉलर खर्चाच्या गेमला नुसते भांडवल वसूल करण्यासाठी पूर्ण किमतीत चाळीस लाखांहून अधिक प्रती खपवाव्या लागतात. असे असताना निम्मे गिऱ्हाईक आपणहून दाराबाहेर का ठेवायचे? शिवाय जुन्या पीएस३ कन्सोलमधल्या सेल या आगळ्या प्रोसेसरसाठी (मुख्य चिपसाठी) प्रोग्रामचे काम निराळे वाटून द्यावे लागे, ती अडचण २०१३ पासून पुष्कळ कमी झाली आहे, कारण सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही कन्सोलांत तेव्हापासून एएमडी या एकाच कंपनीच्या चिप आहेत.

प्रतिसाद १
हिशेब मान्य, निष्कर्ष अमान्य. ‘बायोनेटा २’ला निन्टेंडोने पैसा पुरवला नसता, तर तो गेम २०१४ मध्ये त्यांच्या वी यू कन्सोलवर आला नसता आणि इतरत्रही आला नसता. त्या वेळी तो एकाच यंत्रावर आला म्हणून अनेक चाहते निन्टेंडोवरच चिडले होते, याचे मला आजही वाईट वाटते. दुसरे असे की, एकच यंत्र समोर असले की कारागिरीला वाव मिळतो. केवळ पीएस५ साठी केलेल्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’मध्ये पात्र वाळूवरून धातूच्या पत्र्यावर गेले की हातातल्या कंट्रोलरची थरथर बदलते आणि पावलाखालची जमीन तळहाताला कळते. उलट ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये जुन्या-नव्या सगळ्या यंत्रांवर एकदम आणला गेला आणि जुन्या कन्सोलांवर त्याची अशी दैना झाली की सोनीने तो आठवडाभरात आपल्या दुकानातून काढून टाकला.

प्रतिसाद २
लहान स्टुडिओंचेही पाहावे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स व पीसीवर. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसलेल्या चमूसाठी निन्टेंडोच्या कार्यक्रमातून जगासमोर येणे ही फार मोठी गोष्ट होती. दोन महिन्यांची मक्तेदारी देऊन ती साधली असेल, तर त्यात मला काहीच गैर वाटत नाही.

प्रतिसाद ३
मूळ धाग्यात एका जाचाचा उल्लेख राहिला आहे. एक्सबॉक्सच्या दोन प्रकारांपैकी सिरीज एसमध्ये दहा जीबी मेमरी, सिरीज एक्समध्ये सोळा, आणि दोन्हींवर सारख्याच सोयी हव्यात अशी मायक्रोसॉफ्टची अट. त्यामुळे ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याच्या सोयीपाशी अडकला. अखेर सिरीज एसपुरती ती सोय वगळण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे डिसेंबर २०२३ मध्ये तो एक्सबॉक्सवर आला. सर्वांत अशक्त यंत्र सगळ्यांची गती ठरवते, हे ‘परवडते’च्या हिशेबात कुठे मांडायचे?

धागाकर्ता
प्रतिसाद ३ साठी: तोच गेम पीसीवर ऑगस्टमध्ये आणि पीएस५ वर सप्टेंबरमध्ये येऊन गेला होता. सर्वत्र आणणे म्हणजे एकाच दिवशी आणणे नव्हे; ‘सायबरपंक’ची चूक मला तिथेच दिसते. ‘बायोनेटा २’सारख्या गेमपुरते मात्र (प्रतिसाद १) माझे म्हणणे मागे घेतो. ज्याने पैसा घातला, त्याने आपल्या यंत्रापुरता गेम ठेवावा. पण सोनीनेच प्रकाशित केलेला ‘हेलडायव्हर्स २’ फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएस५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सबॉक्सवरही पोहोचला. चौघांनी मिळून खेळायच्या गेमला सवंगडी लागतात, आणि ते सगळे एकाच कंपनीचे कन्सोल घेऊन बसलेले नसतात.