चिनी काढा आणि तळव्यांवरचे फोड

ताई, तुमच्या तळहातांना नि तळपायांना फोड येतात आणि भावाने चिनी जडीबुटीचं क्रीम मागवायला सांगितलंय म्हणून लिहितोय. मलाही हेच, पॉम्फोलिक्स (तळव्यांवर नि बोटांवर खाजरे, पाणी भरलेले फोड आणणारा एक्झिमा), फोंड्याला राहतो, मे महिन्यात घाम सुरू झाला की बोटांच्या कडेला आधी खाज मग साबुदाण्यासारखे दाणे. चिनी वैद्यकात याला ओलावा आणि उष्णता साचली असं म्हणतात (आपल्या गोव्याच्या हवेचंच वर्णन की हे!) आणि कुशेनचं मूळ, हुआंगबाईची साल (दोन्ही चिनी औषधी वनस्पती) उकळून, गार करून त्यात हातपाय बुडवायला देतात. मी केलं, फोड ओले असताना बरं वाटलं, पण कातडी सुकून चिरा पडायला लागल्यावर त्याच पाण्याने झोंबायला लागलं, तेव्हा बंद केलं.

क्रीमचं मात्र जपून हां. लंडनमध्ये १९९९ साली अशी ११ चिनी क्रीम तपासली तर ८ मध्ये डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे सरळ स्टेरॉइड! दोन दिवसात हात चकाचक झाले तर हुरळू नका, शंका घ्या. पोटात घ्यायचा काढा तर लिव्हर-किडनीच्या टेस्ट केल्याशिवाय नकोच, काही चिनी काढ्यांत सापडलेल्या ॲरिस्टोलोकियाच्या जातीच्या वनस्पतींनी लोकांच्या किडन्या कायमच्या गेल्यात.

आणि एक, पायाच्या बोटांत चिखल्या आहेत का बघा, तिथल्या बुरशीमुळेही हातावर असे फोड उठतात. काजूत निकेल हा धातू बराच असतो, काहींना त्यानेही वाढतं. मी काजू सोडून बघितले, फरक पडला, पण बिब्यांची (म्हणजे कोवळ्या ओल्या काजूगरांची) भाजी काय सुटत नाही.